अ‍ॅव्हरेज पाहिजे तर कार्ब्युरेटरला सगळ्यात शेवटी हात लावा

नागपुरातल्या कुठल्याही गल्लीत, गॅरेजसमोर गाडी उभी करून "अ‍ॅव्हरेज देत नाही" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, स्क्रू जरा टाइट करून देतो, मग पाहा." दोन मिनिटांत काम आटोपतं. चार दिवस गाडी बरी वाटते. मग सेमिनरी हिल्सच्या चढावर ती दम टाकते, सिग्नलला बंद पडते आणि मे महिन्यात इंजिन इतकं तापतं की पाय जवळ ठेवावासा वाटत नाही.

हा लेख ज्यांच्याकडे १०० ते १२५ सीसीची, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) असलेली फोर-स्ट्रोक बाइक आहे त्यांच्यासाठी आहे. स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, शाइन, त्यातली कुठलीही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. तुमची गाडी तशी असेल तर कार्ब्युरेटरचा भाग सोडा, बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

सामान फार लागत नाही. रिंग पाने, प्लग पाना, चपटा आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर, टायरची हवा पाहायचं गेज आणि फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्या. शिवाय गाडीचं मॅन्युअल. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर मिळतं. खाली मी दिलेले आकडे अंदाजासाठी आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

पहिली पायरी: आधी मोजा

"पूर्वी साठ द्यायची, आता पन्नासही देत नाही" ही तक्रार मला अर्ध्या वेळा खोटी वाटते, कारण तो साठचा आकडा कुणी मोजलेलाच नसतो. शोरूममध्ये ऐकलेला असतो.

मोजायची रीत सोपी आहे. मेन स्टँडवर गाडी लावून टाकी भरा आणि नोझल पहिल्यांदा 'टक' करून थांबलं की तिथेच थांबा. "आणखी थोडं" म्हणून काठोकाठ भरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं, झाकणातून वाहतं आणि मोजणीही बिघडते. ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा. निदान दोनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, तशीच पुन्हा भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हे तुमचं अ‍ॅव्हरेज. एका टाकीवर भरवसा ठेवू नका, दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्या.

सकाळी थंड असताना पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पेट्रोल एका अंशामागे साधारण ०.१ टक्का फुगतं आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. सकाळी जा, पण रांग कमी असते म्हणून जा.

आणखी एक हिशेब आधीच डोक्यात असू द्या. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, म्हणजे ई-२० पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. म्हणजे खरोखर मोजून साठ देणारी गाडी अठ्ठावन्नवर आली असेल तर ती बिघडलेली नाही, आणि ते दोन किलोमीटर कुठल्याही स्क्रूने परत येणार नाहीत.

दुसरी पायरी: गाडी अडकते कुठे?

इथे पैसा लागत नाही आणि फायदा सगळ्यात जास्त होतो. तरी लोक हीच पायरी गाळतात.

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलला टाका आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. दोनेक फेरे सहज फिरायला हवेत. 'खर्र' आवाज करून अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक शू ड्रमला घासतोय. म्हणजे तुम्ही घर ते ऑफिस ब्रेक लावूनच जाताय. ब्रेक रॉडच्या टोकाचा नट थोडा सैल करा. पेडल २० ते ३० मिलिमीटर दाबल्यावर ब्रेक पकडायला हवा, त्याआधी नको. पुढच्या चाकाचंही तसंच पाहा. ब्रेक सैल केल्यावर गल्लीतच दोनदा लावून बघा. अ‍ॅव्हरेजच्या नादात वर्धा रोडवर ब्रेक लागला नाही तर पंचाईत.

क्लचच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले असू द्या. प्ले नसेल तर क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि प्लेट घसरतात. ओळखायची खूण अशी: वरच्या गिअरमध्ये एकदम रेस दिली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

टायरची हवा थंड टायरमध्ये पाहायची. जुन्या स्प्लेंडरला पुढे २५ पीएसआय, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीटला ४० असा आकडा दिलेला आहे. डबलसीटचा हा आकडा ऐकून बरेच जण दचकतात. मागे बायको, पुढे टाकीवर पोरगा आणि हँडलला पिशवी अशी आपली गाडी रोज चालते, आणि मागच्या टायरात हवा असते पंचवीस! उन्हाळ्यात एक चूक हमखास होते. दुपारी तापलेल्या डांबरावरून आल्यावर गेज लावायचं, आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढायची. रात्री टायर थंड झाला की हवा कमी पडते. सकाळी निघण्याआधी किंवा घराजवळच्या पंपावर पाहा.

मग चेन. चेन कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून खालच्या बाजूची चेन बोटाने वर-खाली हलवा. साधारण २५ मिलिमीटर हलली तर ठीक. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ असेल तिथलं माप धरायचं. अ‍ॅडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरपं बसतं. चेन ओढली की मागच्या ब्रेकचा प्लेही बदलतो, तो पुन्हा पाहायला विसरू नका. कोरडी, तांबूस चेन असेल तर रॉकेल किंवा डिझेलच्या ब्रशने साफ करून, पुसून, गिअर ऑइल लावा. पावसाळ्यात हे वारंवार करावं लागतं.

तिसरी पायरी: हवा आणि तेल

वाडी, हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी या बाजूला रोज जाणाऱ्याने मॅन्युअलमधल्या फिल्टर बदलायच्या किलोमीटरवर विसंबून राहू नये. ट्रकांच्या मागची आणि बांधकामांची धूळ फिल्टर लवकर गच्च करते. फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच, आणि प्लग काळा.

फिल्टर कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, नुसता दाबून वाळवा, मग इंजिन ऑइलचे थेंब चोळून जादाचं दाबून काढा. साधा कागदी असेल तर आतून बाहेर हलक्या हवेने झटकता येतो. तेलकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारायचीच नाही, सरळ बदलायचा. फिल्टर काढून ठेवला की पिकअप सुधारतं, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका. ती धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन रिंग खाते.

ऑइलची पातळी इंजिन थोडं गरम करून, दोन-तीन मिनिटं बंद ठेवून, मेन स्टँडवर पाहायची. हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांत डिपस्टिक नुसती आत टेकवायची असते, फिरवून घट्ट करायची नसते. हे न कळल्याने लोक ऑइल कमी-जास्त भरतात. ऑइल खुणेच्या वर गेलं की इंजिनला ते घुसळत बसावं लागतं, तेही पेट्रोलच्या खर्चाने. ग्रेड मॅन्युअलमधलीच वापरा. उन्हाळा आहे म्हणून जाड ऑइल टाकायची सवय आपल्याकडे आहे, पण १०-डब्ल्यू-३० वर आखलेल्या छोट्या इंजिनला त्यामुळे फक्त जड जातं.

चौथी पायरी: प्लग वाचा

प्लग म्हणजे इंजिनच्या आतून आलेली चिठ्ठी. पण ती वाचायची तर आधी नीट लिहून घ्यावी लागते. घरासमोर पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच निघणार, त्यावरून काही कळत नाही. सकाळी रस्ता मोकळा असताना पाच-सात किलोमीटर एका वेगाने चालवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. इंजिन पुरतं निवेपर्यंत थांबा, मगच प्लग काढा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. गरम असताना ओढाताण केली तर आटे जातात.

आता उजेडात धरा. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं पांढरं चिनी मातीचं नाक पाहायचं, कडेची लोखंडी रिंग नाही. बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे. ई-२० मुळे हल्ली हा रंग आणखी फिका येतो, त्याने घाबरू नका. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, म्हणजे गाडी रिच. खडूसारखं पांढरं, त्यावर बारीक चकाकणारे कण असतील तर हवा जास्त, गाडी लीन आणि इंजिन तापतंय. ओलसर, तेलकट काळा असेल तर प्रश्न कार्ब्युरेटरचा नाही. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत.

मधला इलेक्ट्रोड आणि बाहेरची पट्टी यांतला गॅप फीलर गेजने मोजा, मॅन्युअलप्रमाणे बाहेरची पट्टी हलकेच वाकवून जमवा. परत बसवताना आधी बोटांनी जाईल तितका फिरवा, पाना फक्त शेवटच्या घट्ट करण्यापुरता.

पाचवी पायरी: टॅपेट

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची बारीक फट जुळवायचा स्क्रू. हे काम पहिल्या वेळी मेकॅनिककडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून पाहा. टॅपेट वाजतात म्हणून लोक ते गच्च करून घेतात, आवाज बंद झाला की खूश होतात. सैल टॅपेट 'टक टक' करतो, थोडी ताकद खातो, पण निदान ओरडून सांगतो. घट्ट टॅपेट गप्प बसतो. त्यात व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि जळता गॅस फटीतून जाऊन व्हॉल्व्हची कड करपते.

या फटीचं माप थंड इंजिनवर घ्यायचं असतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात 'थंड' म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी, पहाटे. दुपारी सावलीतलं बंद इंजिनही चाळिशीच्या वर असतं. फीलर गेजची पाती फटीतून सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे. सटकन निघाली तर सैल, अडली तर घट्ट. मेकॅनिकने फीलर गेज न काढता नुसतं बोटाने हलवून "झालं" म्हटलं, तर नम्रपणे सांगा, "दादा, गेज लावून घ्या ना, मी आणलंय."

सहावी पायरी: आता कार्ब्युरेटर

आधी गंमत समजून घ्या. डिसेंबरात नागपूरची पहाट १० अंशांच्या आसपास असते, मेअखेरच्या नवतपात दुपार ४५ च्या पुढे जाते. या फरकाने हवा इतकी विरळ होते की तेवढ्याच जागेत साधारण नववा हिस्सा कमी मावते. इंजेक्शनच्या गाडीला हे सेन्सरमुळे कळतं. कार्ब्युरेटरला कळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात मिश्रण आपोआप रिच होतं. उलट इथेनॉल ते लीन करतं: एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चालणारी तुमची गाडी आधीच थोडी लीन झालेली आहे. उन्हाळ्यात हे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खातात. हिवाळ्यात हवाही दाट, पेट्रोलही ई-२०, म्हणून डिसेंबरच्या सकाळी गाडी चोक सोडायला तयार होत नाही. अशा गाडीचा स्क्रू अ‍ॅव्हरेजसाठी आणखी लीनकडे फिरवणं म्हणजे ताप असलेल्याला उन्हात उभं करणं.

दुसरं म्हणजे, 'टाइट' म्हणजे नक्की काय? कार्ब्युरेटरच्या अंगावर दोन स्क्रू दिसतात. एक आयडलिंगचा, तो थ्रॉटलची स्लाइड वर-खाली टेकवतो. दुसरा मिश्रणाचा. तो स्लाइडच्या मागे, फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की मिश्रण रिच. तो पुढे, इंजिनच्या बाजूला असेल तर मिश्रणाच्या वाटेवरचा. आत फिरवला की लीन. म्हणजे "स्क्रू टाइट केला" या एका वाक्याचे दोन गाड्यांत दोन उलटे अर्थ होतात. हात लावण्याआधी स्क्रू कुठे आहे ते वाकून पाहा.

शिवाय या स्क्रूचा अंमल साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच असतो. बर्डीच्या गर्दीत त्याचा फरक कळेल. जामठ्याकडे ६० ने जाताना पेट्रोल मोजते ती सुई आणि मेन जेट, तिथे या स्क्रूला कुणी विचारत नाही.

आता काम. दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन पुरतं गरम करा. इंजिन बंद करून मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, किती वेढे गेले ते मोजा, लिहून ठेवा आणि तितकेच बाहेर काढा. बहुतेक गाड्यांत दीड ते अडीच वेढे असतात. जोर देऊन टेकवू नका. टोक सुईसारखं असतं, ते दबलं की पुढे कधीच नीट जुळत नाही. गाडी उघड्यावर घ्या, बंद पार्किंगमध्ये किंवा गाळ्यात इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

इंजिन चालू करा. स्क्रू पाव वेढा फिरवा आणि थांबा. इंजिनला उत्तर द्यायला काही सेकंद लागतात, घाईत फिरवत राहिलात तर काहीच कळणार नाही. आवाज चढला तर त्याच दिशेने आणखी पाव वेढा. एका जागी आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा लागेल, त्यापुढे गेलात की तो पुन्हा खडबडीत होईल. त्या चढ्या जागेवर परत या. मग आयडलिंगचा स्क्रू कमी करून इंजिन खाली आणा. १०० सीसीच्या गाडीला १४०० आरपीएमच्या आसपास. मीटर नसेल तर हेडलाइट लावून, ब्रेक दाबूनही बंद न पडणारा सगळ्यात कमी वेग ठेवा. मग मिश्रणाचा स्क्रू पुन्हा एकदा त्याच रीतीने पाहा.

शेवटी एकदम थ्रॉटल देऊन सोडा. देताना इंजिन क्षणभर गुदमरलं किंवा सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट झाली तर लीन आहे, पाव वेढा रिचकडे. सोडल्यावर आवाज आयडलिंगच्याही खाली जाऊन मग सावरला, पेट्रोलचा वास आला तर रिच आहे. आयडलिंग सतत वर-खाली होत असेल तर स्क्रूशी खेळू नका. कार्ब्युरेटर आणि हेडमधलं रबर किंवा ओ-रिंग तडकून हवा ओढत असेल, ते बदला.

जेट तुंबला असेल तर कार्ब क्लीनर स्प्रे आणि हवा. तार घालू नका. जेट पितळेचा, मऊ असतो. एक ओरखडा पडला की भोक मोठं आणि अ‍ॅव्हरेज कायमचं कमी. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर फ्लोट बाऊलखालचा (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीखालचा) स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तळाशी वेगळा थर दिसला तर तेच तुमचं 'मिसिंग'. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, जवळ कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना ते पाहून करायचं.

एक स्वस्त तपासणी आपल्या हातात असते, पण कुणी वाचत नाही: पीयूसीची पावती. तिच्यावर आयडलिंगला निघालेल्या सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, टक्का छापलेला असतो. एप्रिल २००० नंतरच्या, बीएस-४ च्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकींना मर्यादा ३.५ टक्के आहे. तुमचा आकडा तिच्या जवळ असेल तर मिश्रण रिच आहे. मात्र नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली होती का, हे समोर उभं राहून बघावं लागतं.

सातवी पायरी: चालवणं

यात फार सांगण्यासारखं नाही. ४० ते ५० चा एकसारखा वेग सगळ्यात किफायतशीर. ४५ वरून ६० वर गेलात की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. अ‍ॅव्हरेजसाठी २५ च्या वेगाला चौथा गिअर टाकून गाडी 'घुं घुं' चालवणं मात्र उलटं पडतं. इंजिन ठोके देतं आणि थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. सिग्नलचा काउंटर तीसच्या वर असेल तर इंजिन बंद करा. उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा, तापलेल्या टाकीतून पेट्रोलची वाफ झाकणाच्या छिद्रातून उडत राहते.

हे सगळं एका दिवशी करू नका. ब्रेक, चेन, हवा आधी; मग दोन टाक्या मोजा. मग फिल्टर आणि प्लग, पुन्हा मोजा. मग टॅपेट आणि कार्ब्युरेटर. म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल, आणि बहुतेकांना पहिल्या टप्प्यातच दिसेल.

सगळं करूनही आकडा हलला नाही तर इग्निशन बंद ठेवून किक हाताने सावकाश दाबा. एका जागी ती ठामपणे अडली पाहिजे. सहज खाली जात असेल, किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि ऑइल दर महिन्याला कमी होत असेल, तर बोअर-पिस्टनचं काम निघालंय. ते घरी होत नाही. बोअरिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये सिलिंडर दाखवा, आणि नवीन पिस्टन कितव्या ओव्हरसाइजचा घातला ते बिलावर लिहून घ्या.